ताईला सगळं माहीत असतं

३ फेब्रुवारी

आज राखाडी रंगानं माझी लाज काढली. इतकी वर्षं रंगाच्या कारखान्यात शेड पास करते आहे. डब्यातला रंग लावलेला पत्रा आणि गिऱ्हाइकाचा नमुना उजेडाच्या पेटीत शेजारी शेजारी धरायचा आणि जुळला की सही ठोकायची, एवढंच माझं काम. सकाळी पास केलेली आख्खी बॅच दुपारी परत आली. राखाडीत हिरवी झाक होती. दुपारी मलाही ती दिसली, अगदी ढळढळीत. सकाळी दिसली नव्हती. साहेब काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसून परत घातला. बोलले असते तर बरं झालं असतं.

सकाळी सगळं दुधात बुडवल्यासारखं असतं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत निवळतं, असं गेले काही महिने चाललंय. मी समजत होते झोप पुरी होत नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. ह्यांना गुडघा दुखला तरी चष्म्याचा नंबर आठवतो.

शेवटी ताईला फोन केला. आई गेल्यापासून तीच माझी आई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गप्पच झाली. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "सकाळीच जास्त ना? आणि दिव्यांभोवती कडी दिसतात?" कड्यांचं मी अजून बोललेच नव्हते. ताईला सगळं माहीत असतं. परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे बरोबर येते म्हणाली.

५ फेब्रुवारी

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त पिकलाय. नाव कळल्यावर बरं वाटलं. मोतीबिंदू काय, गल्लीतल्या निम्म्या लोकांना झालाय.

डॉक्टर तरुण आहेत, जरा घाईतले. यंत्रातून माझ्या डोळ्यात पाहताना मात्र थांबले. म्हणाले, बुबुळाची आतली बाजू थोडी खरखरीत वाटते. घरात कुणाला बुबुळाचा आजार होता का, आई, वडील, भावंडं? मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारून ताईच म्हणाली, "छे, आमच्याकडे असलं काही नाही. आईला शेवटपर्यंत सुईत दोरा ओवता येत होता." डॉक्टर म्हणाले, मग काळजी नाही, आणि तारीख दिली.

आई ओवायची ती संध्याकाळी. सकाळी शिवायला बसली की मलाच हाक मारायची. परतताना ताईला याची आठवण करून दिली तर म्हणाली, म्हाताऱ्या माणसाचं काय धरून बसतेस.

ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. तेव्हा मी भेटायला निघाले होते, पण तिनं येऊ दिलं नाही. जंतू लागतील म्हणाली, फोनवर बोल. चिमणीनंच तिचं सगळं केलं. चिमणी म्हणजे ताईची लेक. आम्हाला मूल नाही, पण तिच्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या आमच्याच घरी गेल्या, तेव्हा नाही असंही म्हणता येत नाही.

१३ फेब्रुवारी

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुखलं नाही. आदल्या दिवशी चिमणीचा फोन आला होता, मावशी घाबरू नकोस म्हणून. आवाज तिचाच कापत होता. मीच तिला धीर दिला.

मी आत असताना ताई बाहेरच्या बाकावर बसून रडत होती, असं हे सांगत होते. साध्या मोतीबिंदूला कोण रडतं? माझ्यावर तिचा जीवच तसा आहे.

पट्टी काढली तेव्हा समोर पांढरं फटक. डॉक्टर म्हणाले सूज आहे, उतरेल.

२ मार्च

उतरत नाहीये. उलट पूर्वी दुपारी निवळायचं, आता दिवेलागणीपर्यंत धुकं. थेंब चालू आहेत. डॉक्टर माझ्याशी बोलताना आता माझ्याकडे बघत नाहीत, यंत्राकडे बघतात.

ताईनं एक केस वाळवायचं यंत्र पाठवलं. उठल्या उठल्या हातभर लांब धरायचं, गरम करायचं नाही, नुसता वारा डोळ्यांवरून जाऊ द्यायचा. हे म्हणाले, आता काय डोळे विंचरणार का? पण खरं सांगते, गुण आला. पाच-दहा मिनिटांत खिडकीच्या चौकटीला कड आली. कुठून शिकलीस असं ताईला विचारलं तर म्हणाली, कुणीतरी सांगितलं होतं बाई. कुणीतरी म्हणजे कोण, ते आठवेना तिला.

२१ मार्च

साहेबांनी मला डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या टेबलावर बसवलं. "डोळा बरा होईपर्यंत," म्हणाले. शेड आता नवी मुलगी पास करते. तिचा राग नाही. ती पत्रा धरते तेव्हा कोपर हलतं एवढंच मला सलतं, आणि सांगायला गेले तर म्हणतील चिठ्ठ्या लाव.

मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी आज हात टेकले. फक्त बुबुळाचंच काम करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं, मोठ्या रुग्णालयात. ताईला म्हटलं चल. तिनं रुग्णालयाचं नाव दोनदा विचारलं आणि म्हणाली गुडघा धरलाय.

२८ मार्च

मोठ्या रुग्णालयात बसायला जागा नव्हती. उभ्या उभ्या सगळ्यांच्या कथा ऐकल्या. दुखणं सांगायला लोकांना दुसरा दुखणाईतच लागतो. एका गवंड्याच्या डोळ्यात चुना उडाला होता. एका माळ्याच्या डोळ्याला फांदी लागली आणि त्या जखमेत बुरशी धरली. एका कॉलेजातल्या मुलीचं बुबुळ शंकूसारखं पुढे येत चाललंय. तिचे पुढचे थर बदलणार आणि आतला तिचा स्वतःचाच ठेवणार. गवंड्याचं मात्र आरपार सगळं बुबुळ कापून दुसऱ्याचं बसवलं होतं, भोवती बारीक टाके. तो म्हणाला, घड्याळाच्या आकड्यांसारखे आहेत, बघा. मी बघितलं. मला धुकंच दिसलं, पण छान आहेत म्हटलं.

डॉक्टरीणबाई हळू बोलतात. त्यांनी कागदावर कांद्याचा काप काढावा तसं बुबुळ काढलं. म्हणाल्या, सगळ्यात आतल्या थराच्या पेशी रात्रंदिवस पाणी उपसत असतात म्हणून बुबुळ काचेसारखं राहतं. माझ्या पेशी मुळातच कमकुवत. झोपेत डोळा मिटलेला असतो, पाणी उडून जात नाही, म्हणून सकाळी धुकं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात उरल्यासुरल्याही गेल्या.

"आधी कळलं असतं तर?" मी विचारलं.

"पेशी मोजल्या असत्या. ऑपरेशन करताना त्यांना जपलं असतं. कदाचित बरीच वर्षं निभावलं असतं." मग म्हणाल्या, "बहुतेक वेळा हे घराण्यातून येतं. तुम्ही घरात कुणाला नाही म्हणालात ना? बहिणीला एकदा तपासून घ्यायला सांगा."

टाके नकोत म्हणाल्या. फक्त तो आतला पापुद्रा काढायचा आणि दान मिळालेल्या डोळ्यातला तसाच पापुद्रा आत घालायचा. तो शिवता येत नाही इतका पातळ असतो. हवेचा बुडबुडा भरून खालून दाबून धरायचा, आणि तो चिकटेपर्यंत मी उताणं पडून राहायचं.

घरी आल्यावर ताईला सगळं सांगितलं, तूही तपासून घे म्हटलं. ताई म्हणाली, बघू. मग म्हणाली, "चिमणीचं जमतंय. मुलगा चांगला आहे. घराण्यातून येतं वगैरे शब्द आत्ता चार लोकांत नको काढूस." मला पटलं. लग्न जमेपर्यंत जिभेला गाठ मारली म्हणून काय बिघडतं?

११ एप्रिल

नेत्रपेढीच्या फोनची वाट बघतेय. वाट बघते म्हणजे काय करते, याचा विचार आला आणि ताट बाजूला सारलं. कुणाच्या तरी घरी आकांत झाल्याशिवाय माझ्या घरचा फोन वाजणार नाही. ह्यांना बोलून दाखवलं. हे म्हणाले, तू वाट बघ नाहीतर नको बघू, ज्याला जायचं तो तुला विचारून जात नाही. कधी कधी हे बरोबर बोलतात आणि मग मला राग येतो.

१६ एप्रिल

फोन आला. उद्याच. हे रुग्णालयाची पिशवी भरतायत आणि मी नको त्या वस्तू काढून ठेवतेय.

ताई म्हणाली, आजपासूनच उशी काढ, मानेला सवय होईल. पाठीखाली पातळ चादर घडी घालून घे, नाहीतर कंबर धरते. खोकला आला तर तोंड मिटून खोकायचं नाही. डॉक्टरांनीसुद्धा इतकं सांगितलं नव्हतं. टीव्हीवर पाहिलं म्हणाली. गुडघ्याला पट्टा बांधून येते म्हणालीय. मी देवाला इतकंच म्हणते, प्रत्येकीला अशी बहीण दे.

२० एप्रिल

परवा घरी आले. लिहायला बसते आणि हात थांबतो. पण लिहिलं नाही तर उद्या मलाच वाटेल, मला तसं ऐकू आलंच नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. मी जागी होते. तो पापुद्रा दिसावा म्हणून त्याला निळ्या रंगात बुडवतात. माझ्या धुक्यात तो निळा शिरला, गुंडाळीसारखा, आणि बाहेरून हलकं हलकं थापटत डॉक्टरीणबाईंनी तो उलगडला. इतका स्वच्छ निळा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मग बुडबुडा आला आणि सगळं थरथरलं.

वॉर्डात मला उताणी निजवलं. छताकडेच बघायचं, मान वळवायची नाही. हे औषधं आणायला गेले. ताई पायथ्याशी खुर्चीवर बसली होती. आया खोली पुसायला आली. तिचा मला फक्त आवाज ऐकू येत होता, आणि बादलीचा.

"अहो बाई, तुम्ही परत?" आया म्हणाली. "दुसरा डोळाही केला का?"

ताई म्हणाली, "तुमचा काहीतरी घोळ होतोय. मी पहिल्यांदाच येतेय इथे."

"घोळ कसला? याच कोपऱ्यातल्या खाटेवर होतात. तुमचा बुडबुडा विरला म्हणून परत हवा भरली होती, किती रडलात. तुम्हीच नव्हता का म्हणत, या छताचा रंग माझ्या बहिणीनं पास केला नसता?"

मी छताकडे बघत होते. धुक्यातूनही कळत होतं, पिवळट आहे, आणि रंगाचा दुसरा हात दिलेला नाही. खरंच मी पास केला नसता.

बादली पुढे गेली.  ताईचा श्वास ऐकू येत होता. मला तिचा चेहरा पाहायचा होता, जगात दुसरं काही पाहायचं नव्हतं, आणि मान वळवली असती तर पापुद्रा सरकला असता.

मी म्हटलं, "ताई, तुझं मोतीबिंदू नव्हतं?"

"आत्ता बोलू नकोस," ती म्हणाली. "डोळ्यावर ताण येतो."

खुर्ची सरकली. पावलं दाराकडे गेली. गुडघ्याला पट्टा होता ना? पावलं अगदी भरभर गेली.

मग मी उताणीच पडून राहिले. रडायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण डोळा मिटून घट्ट दाबायचा नाही असं सांगितलं होतं. उघड्या डोळ्यांनी रडलं की पाणी सरळ कानात जातं.

२४ एप्रिल

ताई आली. ह्यांनी चहा केला आणि न सांगता बाहेर गेले.

मी काही विचारायच्या आत तिनं सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी सकाळचं धुकं सुरू झालं. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यात हाच पापुद्रा बसवला, याच डॉक्टरीणबाईंकडे. आपलं नाव कुणाला कळू नये असं त्यांना बजावलं होतं. आईचंही तेच असणार, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. चिमणीसाठी स्थळं बघायला नुकतीच सुरुवात केली होती. डोळ्यांचा आजार घराण्यात आहे असं एकदा पसरलं की दारात कोण उभं राहणार, म्हणून मोतीबिंदू सांगितला. सगळ्यांनाच तसं सांगितलं.

"सगळ्यांना सांग की," मी म्हटलं. "पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तुझ्या शेजारी बसले होते. माझ्या डोळ्याचा प्रश्न होता."

"तोंडातून गेलं," ताई म्हणाली. "ठरवून नाही गेलं. दोन वर्षं तेच म्हणत होते, तेच बाहेर आलं. मग म्हटलं उद्या फोन करून सांगू. मग परवा. मग तुझी तारीखच आली."

"म्हणून बाकावर रडत होतीस."

तिनं चहाचा कप नुसता बाजूला सरकवला.

मी म्हणाले, चिमणीला तरी माहीत आहे का? तिच्यातही असण्याची शक्यता पन्नास टक्के. ताईनं मान खाली घातली. "तिला मोतीबिंदूच सांगितलंय. तिला यात ओढू नकोस. तुझ्या पाया पडते."

पाया पडते म्हणाली माझी मोठी बहीण. मला तिला उठवावंसं वाटलं नाही. पडली नव्हतीच म्हणा, खुर्चीत बसली होती, पण मला कळतंय मला काय म्हणायचंय ते.

तिचा चहा तसाच राहिला.

३० एप्रिल

उजव्या डोळ्यानं आज भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसला. आनंद व्हायला हवा. होतो, पण खाली गाळ बसलेला असतो.

चिमणी ऑफिसातून थेट येते आणि संध्याकाळचे थेंब घालते. किती सफाईदार हात आहे पोरीचा. खालची पापणी नुसती ओढते, थेंब आत सोडते, नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरते, आणि दुसरी बाटली उघडायच्या आधी न सांगता थांबते. नर्सनं मला दोनदा शिकवलं तरी मला जमत नाही. म्हटलं, तू डॉक्टरच व्हायचीस. हसली नाही. हल्ली तिचं हसू कमी झालंय. लग्न जवळ आलं की मुली अशा होतात.

ती वाकते तेव्हा तिचे डोळे माझ्यापासून वीतभर असतात. काळेभोर, स्वच्छ. त्यांच्या आत काय असू शकतं ते तिला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे. ताईनं मलाही आपल्यासारखं करून ठेवलं.

ह्यांना विचारलं, सांगू का चिमणीला? हे म्हणाले, जाऊ दे ना आता, झालं ते झालं. मी म्हटलं, तुमच्या डोळ्यात झालं असतं तर? हे बराच वेळ पेपर धरून बसले. पान काही उलटलं नाही.

१२ मे

ठरवलं. लग्नाआधी सांगायचं. मुलीला स्वतःच्या डोळ्यांचं माहीत नसावं आणि मावशीला असावं, हे मला गिळवत नाही. पुढे कधी तिचा मोतीबिंदू निघाला तर तिनं डॉक्टरांना काय सांगायचं? ताईनं बोलणं टाकलं तर टाकू दे. तसंही आम्ही आता फोनवर फक्त थेंबांचंच बोलतो.

शब्द जुळवतेय. घाबरू नये, पण हलकंही घेऊ नये अशी ती शेड जुळत नाही.

१९ मे

आज ती त्याला घेऊन आली. होणारा जावई उंच, सावळा, बूट दाराबाहेर नीट जोडीनं ठेवणारा. मला आवडला. चिमणी चहा टाकायला आत गेली आणि तो माझ्याजवळ बसला. डोळ्याची चौकशी केली, मनापासून केली. बुडबुडा किती दिवस होता, परत भरावा लागला का, असं विचारलं.

मी म्हटलं, "तुम्हाला बरीच माहिती आहे."

"चिमणीनंच सांगितलं, मावशी. दुसऱ्यांदा भेटलो तेव्हाच. तिच्या आईंचं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डात तीच राहिली होती ना. थेंबांचं वेळापत्रक तिला अजून पाठ आहे. म्हणाली, हे आमच्या घरात आहे, पुढे मलाही होईल, विचार करून सांग. मी म्हटलं, आमच्याकडे सगळे पुरुष तिशीत टकले होतात, तूही विचार करून सांग." तो हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.

ते दुसऱ्यांदा भेटले जानेवारीत, हे मघाशी गप्पांतच कळलं होतं. माझा मोतीबिंदू फेब्रुवारीतला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ती कप मांडत होती. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"वॉर्डात तू होतीस," मी म्हटलं.

"आईनं शपथ घातली होती, मावशी."

"त्याला सांगितलंस तेव्हा शपथ कुठे गेली होती?"

"त्याच्याबरोबर मला आयुष्य काढायचंय. खोटं घेऊन कसं काढणार?"

"आणि माझ्याबरोबर?"

 दूध वर आलं, तिनं गॅस बंद केला. हात तेव्हाही हलला नाही तिचा. मग ओट्याला टेकून हळूच म्हणाली, "मी तपासून घेतलंय. माझ्याही बुबुळांच्या आत तेच खरखरीत दाणे आहेत. तपासून दोन वर्षं झाली. तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगायलाच फोन केला होता. तू म्हणालीस, वेडाबाई, घाबरतेस काय, चुटकीसरशी होतं. मग नाही सांगता आलं."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. आणि तिच्या थोबाडीत मारायची होती. दोन्हीसाठी हात एकच असतो, तो मी नुसता ओट्यावर ठेवला.

तो बाहेर एकटा बसला होता. मी त्याला चहा नेऊन दिला. त्याचा काय दोष? या सगळ्यांत खरं बोलणारा तोच एक निघाला, तोही चुकून.

२० मे

चिमणीला सांगितलं, थेंबांना येऊ नकोस.

ताईचा फोन आला, चिमणीला तरी माफ कर म्हणत. म्हणजे त्या दिवशी माझ्या घरात बसून, सगळं कबूल करून झाल्यावर, चहा समोर असताना ती पुन्हा खोटंच बोलली होती. मी फोन ठेवला. आपटला नाही. आपटण्याइतकं बळ उरलं नव्हतं.

८ जून

कारखान्यात परत उजेडाच्या पेटीसमोर बसले. साहेबांनी पाच पत्रे मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते, दोन चुकीचे. दोन्ही पकडले. नवी मुलगी म्हणाली, बाई, मला तर पाचही सारखेच दिसले. तिला कोपर टेबलाला टेकवायला शिकवलं.

आईची आठवण येत होती. सकाळी सुई पुढे करायची तेव्हा तिचा चेहरा कसा व्हायचा. ताई कामात असायची, म्हणून हाक मलाच मारायची. मला वाटायचं, माझ्या हातचं तिला आवडतं.

१४ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या कुणाचंही नाव न घेता म्हणाल्या, काही गोष्टी माझ्या तोंडून निघू शकत नाहीत, तुम्ही समजून घ्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. त्यांचा राग धरता येत नाही, ताईचं गुपित राखणं त्यांचं कामच. पण ताई, चिमणी, होणारा जावई, डॉक्टरीणबाई, सगळ्यांना ठाऊक आणि न कळलेली एकटी मीच, हे काही केल्या जात नाही.

डाव्या डोळ्याचं ठरलं. या वेळी मोतीबिंदू आणि पापुद्रा एकदम करणार, आधी पेशी मोजून, सगळं माहीत असताना. त्यांनी विचारलं, सोबत कोण? मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. हे तेव्हा भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत होते, उलटी बाजू सुलटी समजून.

१० सप्टेंबर

डावा डोळा होऊन घरी आले. बुडबुडा टिकला. लिहिते ते एकाच डोळ्यानं, पण तो डोळा आता चोख आहे.

हे थेंब घालतात. पहिला कपाळावर पडतो, दुसरा कानात, तिसऱ्याला मी स्वतः डोकं हलवून त्याखाली जाते. दोन बाटल्यांच्या मधे थांबायचं असतं हे ह्यांना रोज नव्यानं कळतं. काल पट्टीच उलटी चिकटवली. मी चिडले तर म्हणाले, "अगं, मी काय कधी केलंय हे?" खरंच, ह्यांनी कधी केलेलं नाही. ते वाक्य मला इतकं गोड लागलं की चिडायचं राहिलं.

ताईचा फोन मी घेत नाही. लग्नाला जाईन, समोर आली तर बोलेनही. आई कुठे दोन मिळतात? पण पूर्वी तिनं काही सांगितलं की मी मान डोलवायचे, आता आधी मनात म्हणते, खरं कशावरून? हे आता आयुष्यभर असंच राहणार, आणि गेलेला विश्वास पापुद्र्यासारखा बसवून घेता येत नाही.

दुपारी चिमणीचा फोन आला. या वेळी घेतला. 

"थेंब कोण घालतंय?" तिनं विचारलं.

"हे."

"नीट घालतात?"

"नाही."

पलीकडे ती रडत असावी, किंवा हसत. मला आवाजावरून आता काही ठरवायचं नाही.

"मी येऊ, मावशी?"

मी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या घराला नवा रंग दिलाय, शेड थोडी चुकलीय.

"ये," मी म्हटलं. "पण थेंब हेच घालतील."